बोलताना बहिरा होणारा रिपीटर: जुन्या भागांतून जुळवलेल्या संचातला पुन्हापुन्हा परतणारा डीसेन्स

तक्रार सगळीकडे जवळपास सारखीच असते. जवळच्या, ताकदवान स्टेशनांचं बोलणं रिपीटरवरून, म्हणजे एका फ्रीक्वेन्सीवर ऐकलेलं त्याच वेळी दुसरीवर पुन्हा प्रसारित करणाऱ्या संचावरून, स्वच्छ ऐकू येतं. दूरवरून हँडीवर (हातातल्या छोट्या सेटवर) बोलणाऱ्याचा मात्र पहिला अर्धा शब्द निघतो, मग नुसता रिकामा कॅरिअर (आवाज नसलेली मूळ रेडिओ लहर), मग कॅरिअर पडतो, आणि पुन्हा अर्धा शब्द. कोणीतरी वर जाऊन कनेक्टर आवळून येतो. काही दिवस बरे जातात आणि तक्रार परत येते.

ट्रान्समीटर सुरू झाला की त्याच संचातल्या रिसीव्हरची संवेदनशीलता खाली येते, याला हॅम मंडळी (हौशी रेडिओवाले) डीसेन्स म्हणतात. दोन जुने मोबाइल सेट, बंद पडलेल्या एखाद्या व्यावसायिक स्टेशनातून उतरवलेला डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच वेळी चालू देणारा फिल्टर) आणि हाताला लागतील त्या केबली यांतून उभ्या राहिलेल्या रिपीटरला हा रोग हमखास जडतो. तो परत येतो कारण बहुतेक वेळा आपण भाग बदलतो, वाट शोधत नाही. ट्रान्समीटरची ऊर्जा रिसीव्हरपर्यंत नेमकी कुठून पोचते हे कळलं नाही तर कनेक्टर आवळणं म्हणजे निव्वळ हलवाहलव. अशा वाटा फार नसतात. एकेक बंद करून पाहता येते.

आधी हा डीसेन्सच आहे ना?

सर्वात स्वस्त चाचणी कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये आहे. रिपीटरचा हँग टाइम, म्हणजे बोलणारा थांबल्यावर कॅरिअर किती वेळ टिकतो तो काळ, दोन सेकंद असेल तर पाच करा. डीसेन्समध्ये साखळी अशी चालते: कमजोर सिग्नल येतो, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं दार) उघडतो, ट्रान्समीटर चालू होतो, रिसीव्हर बहिरा होतो, स्क्वेल्च मिटतो, हँग टाइम संपतो, ट्रान्समीटर बंद होतो, रिसीव्हरला पुन्हा ऐकू येतं. म्हणजे हँग टाइम वाढवला की तुटक बोलण्याचं आवर्तनही तेवढंच लांबलं पाहिजे. लांबलं तर निदान जवळजवळ पक्कं. हँग टाइम शून्यावर असेल तर हेच आवर्तन मोटारबोटीसारखी फटफट होऊन ऐकू येतं. आवर्तन बदललंच नाही तर दोष बहुधा बोलणाऱ्याच्या बाजूला आहे: त्याचा सिग्नल वरखाली होतोय, किंवा त्याच्या सीटीसीएसएस टोनचं (रिपीटर उघडण्यासाठी बोलण्यासोबत जाणाऱ्या मंद सुराचं) डेव्हिएशन, म्हणजे मात्रा, कमी आहे.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. ट्रान्समीटर चालू असताना रिसीव्हरच्या सप्लाय टर्मिनलवर, म्हणजे थेट सेटच्या मागे, मल्टिमीटर लावा. २५ वॅट देणारा जुना सेट सहज सहा-सात अँपिअर ओढतो. काढून आणलेल्या बारीक वायरी आणि गंजलेला फ्यूज होल्डर असेल तर १३.८ व्होल्ट तिथे ११ च्या खाली घसरलेले दिसतात, आतल्या रेग्युलेटरचा ताबा सुटतो आणि रिसीव्हर मंद होतो. लक्षण हुबेहूब डीसेन्सचं, उपाय फक्त जाड वायरीचा. रिसीव्हरला वेगळी बॅटरी लावून पाहिलं की पाच मिनिटांत उलगडा होतो. शिवाय स्विचिंग सप्लायचा कचरा रिसीव्हरमध्ये शिरत असेल तर तोही याच चाचणीत उघडा पडतो.

हे इतकं अवघड का आहे

आकडे एकदा मांडून पाहिले की पुढच्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ लागतो. २५ वॅट म्हणजे सुमारे +४४ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डीबीमधली पातळी). बरा एफएम रिसीव्हर ०.२ मायक्रोव्होल्टवर ऐकतो, ५० ओहममध्ये ते होतात सुमारे -१२१ डीबीएम. दोहोंमध्ये १६५ डीबीचं अंतर, आणि दोन मीटर बँडवर फ्रीक्वेन्सींमध्ये फरक फक्त ६०० किलोहर्ट्झ. उदाहरणासाठी १४५.० वर ऐकणारा आणि १४५.६ वर बोलणारा रिपीटर धरू.

सुदैवाने सगळे १६५ डीबी आपल्याला तोडावे लागत नाहीत. दोन वेगळे प्रश्न सोडवावे लागतात. पहिला, ट्रान्समीटरचा मूळ कॅरिअर रिसीव्हरच्या पुढच्या टप्प्याला गुदमरवतो. समजा रिसीव्हर ६०० किलोहर्ट्झ अंतरावरचा -३० डीबीएमचा सिग्नल सोसतो, तर कॅरिअर ७४ डीबीने खाली आणावा लागेल. दुसरा प्रश्न जास्त चिवट आहे. कोणताही ट्रान्समीटर आपल्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना थोडा गोंगाट पसरवतो आणि तो गोंगाट बरोबर रिसीव्हरच्या फ्रीक्वेन्सीवरही पडतो. तिथे पडल्यावर रिसीव्हरमधला कोणताही फिल्टर तो काढू शकत नाही. १२ किलोहर्ट्झ रुंदीच्या, ६ डीबी नॉइज फिगरच्या (रिसीव्हर स्वतः किती गोंगाट मिसळतो त्याचं माप) रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट सुमारे -१२७ डीबीएम असतो. बाहेरचा गोंगाट त्याच्याही ६ डीबी खाली राहिला तर नुकसान साधारण १ डीबीचं. बरोबरीला आला की ३ डीबी गेले. समजा त्या रुंदीतला ट्रान्समीटरचा गोंगाट कॅरिअरच्या ९० डीबी खाली आहे, म्हणजे -४६ डीबीएम. तो -१३३ वर न्यायचा तर रिसीव्हरच्या फ्रीक्वेन्सीवर ८७ डीबीची अडवणूक हवी. ६०० किलोहर्ट्झच्या डुप्लेक्सरकडून लोक ८०-९० डीबी मागतात ते यासाठी.

दोन प्रश्न, दोन वेगळे फिल्टर. कॅरिअर अडवतो तो रिसीव्हरच्या बाजूचा. गोंगाट अडवतो तो ट्रान्समीटरच्या बाजूचा. हा फरक डोक्यात नसेल तर माणूस चुकीच्या बाजूला कॅव्हिटी (ठराविक फ्रीक्वेन्सी सोडणारा किंवा अडवणारा धातूचा डबा) जोडत राहतो.

आकडा मिळवा, मग हात लावा

‘आज जरा बरं वाटतंय’ हे माप नाही. सिग्नल जनरेटर असेल तर रिसीव्हरला १२ डीबी सिनॅड (गोंगाटाच्या तुलनेत आवाज किती स्पष्ट याचं माप) मिळेल एवढा सिग्नल द्या, पातळी लिहून घ्या, मग ट्रान्समीटर चालू करा आणि पुन्हा १२ डीबी येईपर्यंत पातळी वाढवा. जितके डीबी वाढवावे लागले तितका डीसेन्स.

हा सिग्नल अँटेनाच्या वाटेत शिरवायला आयसो-टी लागतो: ‘एन’ प्रकारचा टी घेऊन त्याच्या एका फांदीची मधली पिन आखूड केलेली असते, म्हणजे त्या फांदीचं जोडणं अगदी सैल, ३०-४० डीबी घटीचं राहतं. इथे एक सावधगिरी. ३० डीबी घटीनंतरही २५ वॅटमधले २५ मिलिवॅट जनरेटरच्या तोंडाकडे उलटे येतात. जनरेटर आणि आयसो-टी यांच्यात २० डीबीचा ॲटेन्युएटर असलाच पाहिजे. जुन्या जनरेटरचा आउटपुट ॲटेन्युएटर जळाला तर तो रिपीटरपेक्षा महाग पडतो.

जनरेटर नसेल तरी अडत नाही. एका मित्राला कमी पॉवरच्या हँडीसह अशा ठिकाणी उभं करा जिथून त्याचा सिग्नल नुकताच खरखरीत पोचतो. पीटीटीची (ट्रान्समीटर चालू करणारी) तार काढून रिसीव्हरच्या स्पीकरवर त्याला ऐका, मग ट्रान्समीटर हाताने चालू करा. डीबी मिळणार नाहीत, पण ‘ऐकू येतंय’ आणि ‘गेला’ यांतला फरक पुरेसा स्पष्ट असतो. हँडी आणि तिचा अँटेना मात्र हलू देऊ नका.

वाटा एकेक करून बंद करणं

पहिल्या टप्प्यात डुप्लेक्सर पूर्ण बाजूला काढा. ट्रान्समीटरच्या तोंडाशीच डमी लोड (अँटेनाऐवजी ऊर्जा मुरवणारा भार) लावा, रिसीव्हरला जनरेटर थेट जोडा. आता दोघांत कोएक्सचा काहीच संबंध नाही. तरीही डीसेन्स दिसला तर ऊर्जा खोक्यातून, सप्लायच्या तारांतून किंवा कंट्रोलरच्या वायरींतून जातेय. मोबाइल सेट हे गाडीत एकट्याने राहण्यासाठी बनवलेले असतात. पुढचा भाग प्लास्टिकचा, मागे उघडी तोंडं. दोन सेट एकावर एक ठेवून रिपीटर बनवायचा बेत त्यांच्या रचनाकाराच्या मनात नव्हता. रिसीव्हर धातूच्या बंद डब्यात घाला आणि आत जाणारी प्रत्येक तार, म्हणजे सप्लाय, ऑडिओ, सीओआर (सिग्नल आल्याची खूण देणारी तार), सगळ्या १००० पिकोफॅरडच्या फीडथ्रू कपॅसिटरमधून न्या. जुन्या व्यावसायिक स्टेशनांच्या सांगाड्यात असे कपॅसिटर मुबलक मिळतात. सांगाडा फेकण्याआधी ते काढून ठेवावेत. या टप्प्यात डमी लोडची जोडतारही तपासा. एकेरी जाळीच्या आरजी-५८ चा एक हात लांब तुकडा स्वतःच गळका असतो आणि नसलेला दोष दाखवतो.

दुसऱ्या टप्प्यात डुप्लेक्सर परत जोडा, पण त्याच्या अँटेना तोंडावर आयसो-टी आणि डमी लोड. अँटेना अजून नाही. इथे डीसेन्स उगवला तर दोष डुप्लेक्सरमध्ये, त्याच्या जोडतारांमध्ये किंवा ट्रान्समीटरच्या गोंगाटात.

तिसऱ्या टप्प्यात डमी लोड काढून खरी फीडलाइन आणि अँटेना लावा. खाली सगळं शांत होतं आणि आता बिघडलं तर गुन्हेगार वर आहे: अँटेना, लाइटनिंग अरेस्टर, फीडलाइनचे जोड किंवा खुद्द मनोऱ्याचं लोखंड. अँटेना जोडल्यावर बाहेरचा गोंगाटही आत येतो आणि रिसीव्हरचं मूळ माप थोडं खालावतं, त्यामुळे लहान डीसेन्स त्यात झाकला जातो. ‘डमी लोडवर ३ डीबी, अँटेनावर १’ असं दिसलं तर अँटेनाने काही सुधारलेलं नाही.

पुन्हापुन्हा परतणाऱ्या दोषाबाबत एक पथ्य पाळा: दोष हजर असतानाच या चाचण्या करा. साइटवर पोचल्या पोचल्या सगळं ठीक दिसलं तर काहीही न हलवता वाट पाहा, किंवा त्याला मुद्दाम उठवा. कसं ते पुढे येतं.

गोंगाट की गुदमर

दुसऱ्या टप्प्यात दोष सापडला तर एक जादा बँडपास कॅव्हिटी उसनी आणा. ती रिसीव्हरच्या तारेत घातल्यावर फरक पडला तर कॅरिअर रिसीव्हरला गुदमरवत होता. ट्रान्समीटरच्या तारेत घातल्यावर फरक पडला तर गोंगाट होता. कॅव्हिटीच्या स्वतःच्या एक-दीड डीबी घटीमुळे होणारा बदल हिशेबातून वजा करायला विसरू नका.

गुदमर निघाली आणि रिसीव्हरच्या पुढे प्रीअँप (आलेला सिग्नल आधीच वाढवणारा अँप्लिफायर) असेल तर तो आधी काढा. माझं मत स्पष्ट आहे: जुन्या भागांच्या रिपीटरमध्ये प्रीअँप हा शेवटी जोडायचा दागिना आहे. २० डीबीचा प्रीअँप कॅरिअरलाही २० डीबीने वाढवतो. तो हवाच असेल तर सगळ्या कॅव्हिटींच्या मागे, आणि त्याच्यामागे एक छोटा ॲटेन्युएटर.

गोंगाट निघाला तर आधी ट्रान्समीटर बदलून पाहा. सिंथेसायझरवर चालणारे मोबाइल सेट याबाबत एकमेकांपेक्षा बरेच वेगळे असतात, आणि जुन्या क्रिस्टलवाल्या बेस स्टेशनांचे एक्सायटर (कॅरिअर तयार करणारे सुरुवातीचे टप्पे) बहुधा शांत असतात. जनरल इलेक्ट्रिकचं मास्टर टू किंवा मोटोरोलाचं मायकॉर कोणी भंगारात काढत असेल तर वजन पाहून तोंड फिरवू नका.

उतरवलेला डुप्लेक्सर

इथे सर्वात जास्त वेळ वाया जातो, आणि कारण साधं असतं. गाडीतल्या किंवा छोट्या व्यावसायिक रिपीटरमधून निघणारा, पुस्तकाएवढा चपटा, सहा कॅव्हिटींचा नॉच (एका फ्रीक्वेन्सीला खोलवर अडवणारा) डुप्लेक्सर ४-५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त फरकासाठी बनलेला असतो. सत्तर सेंटिमीटर बँडवर ५ मेगाहर्ट्झचा फरक असेल तिथे तो छान चालतो. दोन मीटरवर ६०० किलोहर्ट्झसाठी तो कितीही फिरवा, एका बाजूचा नॉच खोल नेला की दुसऱ्या बाजूचा पास बुडतो. दोष तुमच्या हातात नाही, त्या छोट्या कॅव्हिटींच्या क्यूमध्ये (जवळच्या फ्रीक्वेन्सी वेगळ्या करण्याच्या धारेत) आहे. दोन मीटरसाठी मोठे, पाऊण मीटर उंचीच्या आसपासचे बँडपास-बँडरिजेक्ट डबे हवेत, चार किंवा सहा.

योग्य डबे मिळाले तरी ते कोणत्या फ्रीक्वेन्सीचे होते ते पाहा. १५८ मेगाहर्ट्झसाठी कापलेल्या मधल्या जोडतारा १४५ वर तशाच चालत नाहीत. ०.६६ वेग-गुणांकाच्या (सिग्नल प्रकाशाच्या ०.६६ पट वेगाने जातो अशा) केबलमध्ये पाव तरंगलांबी १५८ ला सुमारे ३१.३ सेंटिमीटर, १४५.३ ला ३४. जवळजवळ तीन सेंटिमीटरचा फरक, आणि त्यात टी व लूपच्या आतली लांबीही धरावी लागते. प्रत्येक डबा एकटा उत्तम दिसतो आणि जोडल्यावर एकूण अडवणूक अपेक्षेपेक्षा बरीच कमी येते, तेव्हा या तारांवर संशय घ्या.

ट्यून करायला नॅनोव्हीएनए (फिल्टर आणि अँटेना मोजणारं छोटं उपकरण) चालतो, पण त्याची मर्यादा ओळखून. या बँडवर तो साधारण ७० डीबीपर्यंत खाली पाहू शकतो; त्याखाली त्याचा स्वतःचा तळ दिसतो. त्यामुळे पूर्ण डुप्लेक्सरचे ९० डीबी त्यावर दिसणारच नाहीत आणि पडद्यावरच्या त्या सपाट तळाला नॉच समजून स्क्रू फिरवणं फुकट. एकेक डबा सुटा करून ट्यून करा: आधी मुख्य दांड्याने पास, मग ट्रिमरने नॉच, मग पुन्हा पास, कारण एक हलवला की दुसरा थोडा सरकतो. सगळे जोडल्यावर शेवटचा निकाल डीसेन्सच्या मापानेच घ्या.

आता परतणाऱ्या दोषाचा एक खास नमुना. रिपीटर सकाळी ठणठणीत, संध्याकाळी गप्पा रंगल्या की बहिरा, रात्री पुन्हा बरा. डुप्लेक्सरमधली घट १.५ डीबी असेल तर २५ वॅटपैकी सुमारे ७ वॅट डब्यांतच उष्णता होऊन मुरतात. चांगल्या डब्यांत मधला दांडा इन्व्हारचा असतो, जो तापून फारसा वाढत नाही. दुरुस्तीत कोणी त्याजागी पितळी दांडा बसवला असेल तर पितळ प्रत्येक अंशाला दशलक्षात सुमारे १९ भाग वाढतं. १४५ मेगाहर्ट्झवर हे अंशामागे पावणेतीन किलोहर्ट्झ होतात. वीस अंशांनी तापला तर नॉच ५०-५५ किलोहर्ट्झ सरकला, आणि नॉचचा खोल तळ तेवढा रुंद नसतो. ओळखायला सोपं आहे: डमी लोडवर अर्धा तास सलग ट्रान्समिट करा आणि दर पाच मिनिटांनी डीसेन्स मोजा. हळूहळू चढत जाणारा आकडा उष्णतेचा. एकदम उडी मारणारा आकडा सैल जोडाचा.

सैल जोड डब्याच्या आतही असतो. सरकत्या दांड्याभोवतीच्या स्प्रिंगच्या पट्ट्या काळ्या पडतात, एखादी तुटलेली असते. त्या साफ करताना पॉलिश पेपर किंवा कानस लावू नका. त्या बहुधा बेरिलियम-तांब्याच्या असतात आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापड पुरे. हाच इशारा जुन्या पॉवर ट्रान्झिस्टरच्या पांढऱ्या सिरॅमिकबद्दल: त्यात बेरिलियम ऑक्साइड असू शकतं, म्हणून तो फोडायचा नाही, घासायचा नाही, कुतूहल म्हणूनही उघडायचा नाही.

केबल आणि कनेक्टर

वारंवार परतणाऱ्या डीसेन्सच्या यादीत मी याला निर्विवाद पहिला क्रमांक देतो.

रिपीटरमध्ये एकाच तारेतून पूर्ण ताकदीचा कॅरिअर आणि अतिसूक्ष्म सिग्नल एकाच वेळी जातात. साध्या स्टेशनात जो जोड वर्षानुवर्षं निमूट चालला असता तोच इथे खरखर निर्माण करतो. ऑक्साइड चढलेला, सैल किंवा दोन वेगळ्या धातूंचा जोड थोडा डायोडसारखा वागतो. २५ वॅट त्यातून जाताना तिथे छोटे छोटे स्फुरण होत राहतं आणि रुंद पट्ट्यात गोंगाट पसरतो.

डुप्लेक्सर आणि सेट यांच्यातल्या सगळ्या जोडतारा दुहेरी जाळीच्या करा: आरजी-२१४, किंवा बारीक हवी असेल तर आरजी-१४२ अथवा आरजी-४००. आरजी-५८ अजिबात नको. ॲल्युमिनियमची फॉइल आणि तिच्यावर कल्हई केलेल्या तांब्याची जाळी अशी कमी घटीची केबल फार लोकप्रिय आहे, आणि एकेरी वापरात ती उत्तमही आहे. पण डुप्लेक्समध्ये फॉइल आणि जाळी एकमेकांवर घासून खरखर करतात. नवी असताना ठीक चालते, वाऱ्याने हलत राहिली की काही महिन्यांनी कुरकुर सुरू. ‘बसवली तेव्हा तर छान होती’ या वाक्यामागे बऱ्याचदा हीच केबल असते.

ॲडॅप्टर मोजा. एन ते बीएनसी, बीएनसी ते पीएल-२५९, असा मणिहार जुन्या भागांच्या रिपीटरमध्ये आपोआप तयार होतो, कारण प्रत्येक भागाचं तोंड वेगळं. दर ॲडॅप्टर म्हणजे दोन जादा जोड. योग्य कनेक्टरची तार बनवा आणि ॲडॅप्टर डब्यात परत टाका. काढून आणलेले निकेल मुलाम्याचे स्वस्त कनेक्टर चाचणीपुरते ठेवा. कायमच्या जागी चांदीचा मुलामा असलेले वापरा. त्यांचा काळपटपणा दिसायला वाईट असला तरी त्याने फारसं बिघडत नाही. बिघडवते ती पसरलेली मधली सॉकेट आणि जाळीचा थंड सोल्डर.

आता दोषाला मुद्दाम उठवायची रीत. जनरेटरवरून १२ डीबी सिनॅडचा सिग्नल द्या, ट्रान्समीटर चालू ठेवा, स्पीकर मोठा करा आणि पेन्सिलीएवढ्या लाकडी काडीने प्रत्येक कनेक्टरवर, प्रत्येक डब्याच्या झाकणावर, प्रत्येक तारेवर हलके ठोकत जा. जिथे खरखर उसळते तिथे थांबा. तिथेच लगेच आवळू नका. आधी उघडून पाहा. आवळल्याने खरखर गेली तर दोष लपला आणि पुढच्या थंडी-उन्हाच्या फेऱ्यात परत येणार. उघडा, कापा, नवं बसवा, आणि मग पुन्हा ठोकून बघा.

ट्रान्समीटरचे नखरे

मोबाइल सेटचा ५० वॅटचा आकडा थोडा वेळ बोलून बराच वेळ ऐकणाऱ्या माणसासाठी असतो. रिपीटरमध्ये तो निम्म्यावर आणा आणि हीटसिंकवर पंखा लावा. पण फार खालीही नेऊ नका: काही पॉवर टप्पे अपुऱ्या ड्राइव्हवर अस्थिर होतात आणि कॅरिअरच्या आजूबाजूला नको ती फुलं उमलवतात.

डुप्लेक्सर फक्त त्याच्या पास फ्रीक्वेन्सीवर ५० ओहम दिसतो. जरा बाजूला गेलं की काहीही दिसतो. जुन्या पॉवर अँप्लिफायरला हे सोसत नाही आणि तो कधीकधी स्वतःहून कंप पावू लागतो. ओळख: ट्रान्समीटर आणि डुप्लेक्सर यांच्यातली तार वीत-दीड वीत लांब केली की डीसेन्स एकदम बदलतो, किंवा पॉवरची कळ थोडी फिरवल्यावर नाहीसा होतो. तार बदलून जमलेला रिपीटर ऋतू बदलला की पुन्हा बिघडतो. टिकाऊ उपाय आयसोलेटर, म्हणजे एका तोंडावर लोड लावलेला सर्क्युलेटर (ऊर्जा एकाच दिशेने पुढच्या तोंडाकडे फिरवणारा भाग), आणि त्याच्यापुढे हार्मोनिक फिल्टर. व्यावसायिक साइट बंद होताना हे आयसोलेटर निघतात. फ्रीक्वेन्सीचा पट्टा आणि लोडची पॉवर तपासून घ्यावेत. त्याच मनोऱ्यावर दुसरे ट्रान्समीटर असतील तर त्यांच्याशी होणारं इंटरमॉड्युलेशनही (सिग्नल मिसळून नको त्या फ्रीक्वेन्सी तयार होणं) याने बरंच आटोक्यात येतं.

कोणी बोलत नसताना रिपीटर आपोआप चालू राहतो, हे वेगळं लक्षण. नुसत्या गोंगाटाने एफएमचा स्क्वेल्च उघडत नाही. त्याला कॅरिअर लागतो. म्हणजे ट्रान्समीटरची एखादी भरकटलेली रेघ थेट रिसीव्हरच्या फ्रीक्वेन्सीवर बसली आहे. अशा वेळी लोक सीटीसीएसएस चालू करून मोकळे होतात. रिपीटर आपल्या आउटपुटवरही तोच टोन पाठवत असेल तर ती रेघ टोनसकट परत येते आणि रिपीटर तसाच चालू अडकून राहतो. आणि टोनमुळे रिपीटर गप्प बसला तरी रिसीव्हर बहिराच आहे. फक्त तुम्हाला ते कळायचं बंद झालं. दुरुस्ती चालू असेपर्यंत सीटीसीएसएस बंद ठेवा.

दोष वर असेल तर

पावसानंतर सुरू होऊन ऊन पडल्यावर जाणारा डीसेन्स बहुधा पाण्याचा असतो: फीडलाइनच्या वरच्या जोडात, अरेस्टरमध्ये किंवा अँटेनाच्या तळाशी. वाऱ्यासोबत येणारा दोष फायबरग्लासच्या कोलिनिअर अँटेनाच्या आतला तडकलेला सोल्डर सुचवतो. उतरवून आणलेली अशी अँटेना एसडब्ल्यूआर मीटरवर (परतणारी ऊर्जा दाखवणाऱ्या) निर्दोष दिसते. तिला आडवी धरून दोन टोकांना आधार द्या, मध्ये हलकं वाकवा आणि तेव्हा नॅनोव्हीएनएवरचा आलेख हलतो का पाहा. निवड माझ्यावर सोडली तर सगळ्या बाजूंनी डीसी ग्राउंड असलेली फोल्डेड डायपोलची माळ मी घेईन. ती जड असते, पण तिचे सगळे जोड डोळ्यांना दिसतात.

अँटेनाही निर्दोष निघाली तर मनोऱ्याकडे पाहा. गंजलेले ताणे, सैल क्लॅम्प, एकमेकांवर लोंबकळणाऱ्या जुन्या केबली. कोणी वर न चढता खालून ताणा हलवला आणि खरखर आली, तर तेच. वापरात नसलेलं लोखंड उतरवा. उरलेलं एक तर पक्कं जोडा नाहीतर पूर्ण अलग करा.

डुप्लेक्सरच हाताला लागत नसेल तर दोन अँटेना एकाखाली एक लावून भागवता येतं. उभ्या अंतरासाठी ढोबळ सूत्र आहे: २८ अधिक ४० गुणिले लॉग, अंतर भागिले तरंगलांबीचा. दोन मीटरवर १२ मीटर अंतर सुमारे ५८ डीबी देतं. तेवढंच अंतर आडवं ठेवलं तर अँटेनाचा गेन वजा करण्याआधीच जेमतेम ३७. म्हणजे उभ्या मांडणीत उरलेल्या ३० डीबीसाठी दोन्ही बाजूंना एक-दोन कॅव्हिटी पुरतात, आणि तेवढ्या जुन्या डब्यांतून बहुधा निघतात. मात्र दोन्ही फीडलाइन एकमेकींना चिकटवून खाली आणल्या तर मिळवलेले डीबी तिथेच गळतील.

दुरुस्तीनंतर अर्ध्या तासाच्या सलग ट्रान्समिशनमध्ये, काडीने सगळीकडे ठोकूनही, डीसेन्स १ डीबीच्या आत राहिला तर स्क्रूंना रंगाचा ठिपका द्या आणि झाकण लावा. त्या दिवसाचे आकडे, म्हणजे सिनॅडची पातळी, ट्रान्समीटरची पुढची आणि उलटी पॉवर, डब्यांचं तापमान आणि कोणती तार बदलली ते, कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या वेळी वर जाणारा माणूस बहुधा दुसराच असतो.